सिंगापूरचे आवतण

हे घडलेले आहे. ज्याला खरे वाटणार नाही त्याने इथेच थांबावे. माझे वय चौऱ्याहत्तर आहे आणि अनोळखी लोकांना घाबरवण्याची मला हौस नाही.

तुमच्या या पानावरच्या कथा माझी सून मोबाईलवर वाचते. मीही चार-दोन वाचल्या. सगळीकडे अमावास्या. सगळीकडे रात्रीचे बारा. जणू भुतांना दिवसा सुट्टी असते.

मला जे भेटले, ते भर दुपारी भेटले. एक वाजून दहा मिनिटांनी. सिंगापूरच्या एका हॉटेलात, अकराव्या मजल्यावर, लख्ख उजेडात.

आणि ते आपणहून आले नव्हते...

मी बोलावले होते.

माझे नाव विजयमाला. सोनपेठला आमचे घर आहे. त्या घराची एकच गोष्ट मी अभिमानाने सांगते. आमच्याकडे दार लावून कोणी जेवत नाही. ताटे वाढली की पुढचे दार उघडायचे. दारावरून कोणी जाताना दिसले की म्हणायचे, "या, जेवायला." जाणारा म्हणतो, "होऊ द्या निवांत," आणि पुढे जातो. नाही गेला, आत आला, तर त्याचे ताट वाढायचे. तो कोण, कुठला, कशाला आला, हे जेवण होईपर्यंत विचारायचे नाही.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे जेवून गेलेला माणूस एक दिवस आपल्याला आवतण देतो. जेवणाचे बोलावणे. ते नाकारायचे नसते. नाकारले तर त्याच्या अन्नाचा अपमान होतो.

सासूबाईंनी हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितले. पंचावन्न वर्षे मी ते मोडलेले नाही.

माझा मुलगा शिवशंकर बी-बियाण्यांचे दुकान चालवतो. यंदा एका कंपनीने त्याला सिंगापूरची दोन तिकिटे दिली. एक त्याचे, एक त्याच्या बायकोचे. मुलाला वाटले, दिवाळीच्या सुट्टीत आईला आणि लेक पिंकीलाही न्यावे. वाटण्यात काही चुकले नाही. चुकले ते पुढे.

परभणीचा बालाजी तिकिटांचे काम करतो. आठवडाभर तो आमच्या ओसरीवर मोबाईल घेऊन बसला आणि आमचा चहा पीत राहिला.

"मावशी, लय महाग शहर हाय ते. एका खोलीत तीनच माणसं घेतेत. चौथं आलं की दुसरी खोली."

"पिंकी सात वर्षांची आहे. ती माणूस कधी झाली?"

"तिथं सहाच्या पुढं माणूसच धरतेत, मावशी."

आमच्या घरच्या लग्नात चाळीस-चाळीस पाहुणे आठ-आठ दिवस राहिले. कोणी मोजले नाहीत. आणि हे शहर म्हणे सगळ्या आशियात पुढारलेले. माणसे मोजून दार उघडतात, आणि त्याला पुढारलेपण म्हणतात!

आठव्या दिवशी बालाजी ओरडतच आला. "सापडलं! चौघांना एकच खोली, ती बी निम्म्या भावात. फॅमिली फ्रेंडली हाय, मावशी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... कुटुंबाशी मैत्रीचं."

"आमच्या कुटुंबाशी मैत्री करायला ते हॉटेल कोण लागून गेले? आणि निम्म्या भावात का?"

बालाजी मोबाईलकडे बघत राहिला. "कोणाचं तरी ऐनवेळी रद्द झालंय म्हणं."

कोणाचे, आणि का, हे त्याने विचारले नव्हते. स्वस्त मिळाले की या पिढीची जीभ गळून पडते.

परभणीहून रेल्वेने हैदराबाद, तिथून विमान. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या खोलीत उभे होतो. आमच्या गोठ्यातल्या एका बैलजोडीला याहून जास्त जागा आहे. दोन पलंग. न उघडणारी खिडकी. कपाटाच्या शेजारी भिंतीत एक पांढरे दार, कुलूप लावलेले.

"हे कशाचे?" मी विचारले.

"शेजारच्या खोलीचं, आई. मोठं कुटुंब आलं की मधलं दार उघडून देतेत."

घरून सुलाबाईने धपाटे बांधून दिले होते. सुलाबाई आमच्याकडे तीस वर्षे स्वयंपाक करते. सोबत शेंगदाण्याची चटणी, लोणचे. मी खाली पंचा अंथरला, ताटांच्या जागी कागद मांडले, आणि बाहेरच्या दाराला बॅग टेकवून ते सताड उघडे ठेवले.

सून राजेश्री कुजबुजली, "आत्याबाई, दार लावू का? इथं कोणी उघडं ठेवत न्हाई."

"म्हणूनच इथे कोणी कोणाला ओळखत नाही. बस खाली."

ती बसली. आम्ही जेवू लागलो. मी मान खाली घालून पिंकीच्या पानात लोणचे वाढत होते.

बाहेर चपलांचा आवाज आला.

सप... सप... सप...

दाराशी येऊन थांबला.

मी मान वर केली नाही. पंचावन्न वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघाले...

"या, जेवायला."

कोणी "होऊ द्या" म्हटले नाही.

सप... सप...

आवाज आत आला.

मी वर पाहिले. दारात कोणी नव्हते. खोलीत आम्ही चौघेच होतो. शिवशंकर मोबाईलमध्ये डोके घालून जेवत होता. राजेश्री पाणी ओतत होती.

पिंकी मात्र पंच्यावर थोडी बाजूला सरकली होती. कोणाला तरी जागा करून द्यावी तशी.

मग तिने उठून चहाच्या ट्रेमधली बशी आणली. आपला धपाटा मोडला, अर्धा त्यात ठेवला, आणि बशी आपल्या शेजारी सरकवली.

"हे कोणाला?"

"तिला."

"कोण ती?"

"तूच बोलावलंस ना, आज्जी."

लेकरांचा खेळ म्हणून मी सोडून दिले. चूक माझी. जेवणे झाली. मी कागद गोळा केले.

बशी नव्हती...

पलंगाखाली पाहिले. पिशवीत पाहिले. शिवशंकर म्हणाला, "आई, एका बशीसाठी काय घेऊन बसलीस?" माझा मुलगा हुशार आहे असे लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

बाहेर गेलेले पाऊल मी ऐकले नव्हते. आत आलेले ऐकले होते.

संध्याकाळी आम्ही समुद्र बघून परतलो. खोली झाडून-पुसून ठेवलेली. पलंगावर टॉवेल. मी मोजले.

पाच.

पेले पाच. भिंतीशी ओळीने हॉटेलच्या पांढऱ्या कापडी चपला. पाच जोड. आणि दोन पलंगांच्या पायथ्याशी एक छोटा पलंग, चादर घट्ट ओढून तयार.

शिवशंकर तावातावाने खाली गेला. वीस मिनिटांनी वर आला तेव्हा ताव उतरला होता.

"ते म्हणतेत, खोलीत पाच माणसं हायत."

"तू काय म्हणालास?"

"म्हणलं, चार हायत. ती पोरगी हसली. म्हणली, काही हरकत न्हाई सर, आमचं हॉटेल कुटुंबांसाठीच आहे, पाचव्या पाहुण्यांना पलंग आमच्याकडून."

"आणि हा पाचवा आला कधी म्हणे?"

त्याने कपाळ पुसले. "कम्प्युटरवर बघून सांगितलं तिनं. आज दुपारी. एक वाजून धा मिनिटं."

राजेश्रीने पिंकीला जवळ ओढले. पिंकी तिच्या हातातून सुटली आणि त्या छोट्या पलंगाची उशी नीट करू लागली.

त्याच क्षणी हॉटेल बदलावे असे मी सांगितले. शिवशंकरने बालाजीला फोन लावला. दुसरीकडे जागा परवा मिळणार होती, तीही दोन खोल्यांत. एवढ्या मोठ्या शहरात चार माणसांना एक रात्र टेकायला जागा नाही! त्यांच्या उंच इमारतींचे मला आजवर कौतुक वाटलेले नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच वाटले नाही.

रात्री काहीही झाले नाही. सगळे शांत झोपले. हेही मुद्दाम सांगते, कारण तुम्ही रात्रीचीच वाट बघत असणार.

दुसऱ्या दिवशी शिवशंकर कंपनीच्या कार्यक्रमाला गेला. दुपारी आम्ही तिघी जेवायला बसलो. या वेळी राजेश्रीने मला न विचारता बाहेरचे दार लावले, कडी घातली. आयुष्यात प्रथमच मी बंद दारामागे पान वाढून घेतले.



एक वाजून दहा मिनिटे झाली...

बाहेरच्या दाराकडून काही आले नाही. आवाज आला तो कपाटाच्या शेजारून. त्या पांढऱ्या दारामागून.

जमिनीवर ताट ठेवल्याचा आवाज.

मग तांब्यातून पेल्यात पाणी पडल्याचा.

मग पाट सरकवल्याचा. सिंगापुरात पाट कुठला? पण तो आवाज मी पंचावन्न वर्षे रोज ऐकला आहे. मला कोणी शिकवू नये.

पाठोपाठ वास आला. गरम भाताचा. आणि त्या भाताच्या खाली... ओल्या राखेचा.

पिंकी उठून उभी राहिली.

"कुठे?"

"तिच्याकडं जेवायला. काल ती आपल्याकडं जेवली ना? आज तिनं आवतण दिलंय."

"कोणाला दिले?"

"मला. मी हो म्हणले."

ती दाराकडे निघाली. राजेश्रीच्या हातातला घास हातात राहिला. पोटची पोर चालली होती आणि आई दगडासारखी बसली होती. तेव्हा मला तिचा राग आला. आता येत नाही.

दाराची मूठ हळूच खाली झुकली.

पिंकीने तिला हात लावलेला नव्हता...

"पिंकी. खाली बस."

माझ्या या आवाजाला आमच्या घरात कोणी दुसऱ्यांदा बोलायला लावत नाही. पिंकी थबकली. मी गुडघ्यावर हात टेकून उठले, तिला मागे सारले आणि त्या दारासमोर उभी राहिले.

पळावे असे वाटले नाही, असे मी म्हणणार नाही. पण जी बाई ताट वाढून, पाट मांडून, पाणी ओतून बसली आहे, तिच्यासमोर आरडाओरडा करायचा नसतो. तिची रीत बरोबर होती. एकच गोष्ट चुकली होती. तेवढीच मी तिला सांगितली.

"बाई, लेकराला आवतण द्यायची आमच्यात पद्धत नाही. लेकराने दिलेला होकार धरायचा नसतो. आवतण घरातल्या मोठ्या बाईला देतात. या घरात मोठी मी. तुम्हाला जेवायलाही मीच बोलावले. तुमचे आवतण मी घेतले. येईन. सवडीने."

आत सगळे थांबले.

मूठ हळूहळू वर गेली.

मग ताट उचलल्याचा आवाज. पाट भिंतीला उभा केल्याचा. आणि शांतता.

शिवशंकर आला. खाली जाऊन त्याने असा काही गोंधळ घातला, की त्यांनी किल्ली घेऊन माणूस पाठवला. त्याने ते पांढरे दार आमच्यासमोर उघडले.

मागे खोली नव्हती...

वीतभर अंतरावर सिमेंटची भिंत. जुनी. इमारत त्या बाजूला तिथेच संपत होती. पुढे अकरा मजले नुसती हवा.

दार आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर जागेत आमची बशी ठेवलेली होती. धुतलेली, पुसलेली. आणि तिच्यात मूठभर तांदूळ.

राजेश्री किंचाळली. मी किंचाळले नाही. मी त्या तांदळांकडे बघत राहिले. ज्या भांड्यातून आपल्याकडे अन्न येते ते रिकामे परत करायचे नसते. साखर घालावी, धान्य घालावे, पण रिकामे देऊ नये. माझ्या सुनेला हे दहा वर्षांत जमले नाही. शेजाऱ्यांचे डबे ती खडखडीत परत करते. बालाजीला माहीत नाही, शिवशंकरला माहीत नाही, त्या हसऱ्या हॉटेलवाल्या पोरीला माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

त्या सगळ्या प्रवासात रीत जाणणारे एकच कोणी मला भेटले.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कारण जो रीत पाळतो, तो रीत विसरत नाही.

बशी मी पिशवीत घातली, आणि आम्ही त्याच तासाला खोली सोडली. उरलेला वेळ विमानतळावरच्या खुर्च्यांवर काढला. मागच्या बुधवारी सोनपेठला घरी पोचलो.

गुरुवारी दुपारी सुलाबाईने ताटे वाढली. पुढचे दार नेहमीप्रमाणे उघडे. मी बाजूला जपमाळ घेऊन बसले होते. जेवणारी तिघे, पण सुलाबाईने चार ताटे मांडली.

"सुलाबाई, चौथे कोणाचे?"

"पाव्हनीचं न्हवं का? भाईर चपला हायत की."

मी दाराशी गेले.

उंबऱ्याबाहेर पांढऱ्या कापडी चपला. एकच जोड. टोके घराकडे. चिखलाच्या रस्त्यावरून आलेल्या, आणि डाग एकही नाही...

ती जेवायला आलेली नव्हती. न्यायला आली होती.

मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "आज गुरुवार. दत्ताचा उपास आहे. मी जेवत नाही."

सप... सप... सप...

खाली पाहिले तर चपला नव्हत्या.

मी खोटे बोलले नव्हते. गुरुवारचा उपास मी तीस वर्षे करते. शुक्रवारी कार्तिकी एकादशी होती. शनिवार मारुतीचा. रविवारी प्रदोष. काल सोमवार, महादेवाचा. आज मंगळवार, त्रिपुरी पौर्णिमा. सहा दिवस ती रोज एकच्या सुमाराला आली, रोज मी खरे कारण सांगितले, आणि रोज ती परत गेली. एकदाही हुज्जत घातली नाही. उपासाच्या माणसाला आग्रह करायचा नसतो, हेही तिला ठाऊक आहे.

शिवशंकरने कोणी तरी बाबा आणला होता. लिंबू, मिरच्या, धूर. तो दाराला काळी बाहुली बांधायला लागला, तेव्हा मी त्याला चहा पाजून वाटेला लावले. चपला त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. त्याला दिसल्या नाहीत.

राजेश्री आज सकाळी माझ्या पायाशी बसून रडली.

"आत्याबाई, उद्या बी उपास धरा ना. परवा बी. रोजच धरा."

"उपास देवाचा असतो, राजेश्री. भीतीचा नसतो. भीतीने उपाशी बसून ते नाव देवावर घालायचे, हे मी करणार नाही."

"मग दार लावून घेऊ."

"दार लावले तेव्हा ती कुठून आली होती?"

तेवढ्यात पिंकी अंगणातून आत आली. तिने भातुकलीतल्या दोन ताटल्या, दोन पेले माझ्यासमोर मांडले, आणि अगदी सहज विचारले,

"आज्जी, तू न्हाई गेलीस तर मी जाऊ का? ती म्हणती, घरातलं कोणी बी चालंल."

मी तिला जवळ घेतले. म्हटले, "नाही. तिला सांग, शब्द माझा आहे."

भिंतीवरची दिनदर्शिका मी आता पाहिली. उद्या बुधवार. प्रतिपदा. त्या चौकोनात दुसरे काहीही लिहिलेले नाही.

सुलाबाईला दशम्या करायला सांगितल्या आहेत. सिंगापूरहून आलेली ती बशी मी घासून ठेवली आहे. दशम्या तिच्यातच नेईन. कोणाकडे रिकाम्या हाताने जायची आमच्यात रीत नाही.

हे लिहून संपवण्याआधी दाराशी जाऊन आले. आज दुपारी उपासाचे कारण सांगितल्यावर पावलांचा आवाज नेहमीसारखा दूर गेला होता.

चपला मात्र उंबऱ्याबाहेरच आहेत...

आज त्यांची टोके रस्त्याकडे वळवून ठेवलेली आहेत. पाय घालायला सोपे जावे म्हणून.

आणि मी पाय न घालता माप घेतले. त्या माझ्या मापाच्या आहेत.